शेजाऱ्याचं उत्तर की स्वतःची समज? बोल्डरच्या जेनेटिक्स वर्गाचं प्रकरण

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या आवारात जीवशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जेनेटिक्सचा एक पायाभूत कोर्स असतो. पुढचं बरंच काही त्याच्यावर उभं असतं, त्यामुळे तो टाळून चालत नाही. नुसत्या पाठांतरावर निभावूनही जात नाही. या प्रकरणातला वर्ग 350 विद्यार्थ्यांचा. एवढ्या वर्गापुढे सलग व्याख्यान दिलं, तर कोणाला काय समजलं याचा पत्ता प्राध्यापकांना थेट परीक्षेच्या दिवशीच लागतो.

हा पत्ता आधी लागावा म्हणून तिथे एक वेगळी पद्धत वापरात होती. व्याख्यान मधेच थांबवायचं, पडद्यावर एक बहुपर्यायी प्रश्न टाकायचा आणि प्रत्येकाने हातातल्या क्लिकरवर (बटण दाबून उत्तर पाठवायच्या छोट्या यंत्रावर) आपलं उत्तर नोंदवायचं. मग 'आता शेजाऱ्यांशी बोला' म्हणायचं आणि त्याच प्रश्नावर पुन्हा उत्तरं घ्यायची. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकात भौतिकशास्त्राच्या वर्गात ही पद्धत रुजवली होती. चर्चेनंतर बरोबर उत्तरांचा आकडा वर जातो, हा अनुभव सगळीकडचा. त्याबद्दल कोणाची हरकत नव्हती.

हरकत होती त्या वाढीचा अर्थ लावण्याला. आकडा वाढला तो विद्यार्थ्यांना विषय उलगडला म्हणून, की शेजारच्या हुशार मुलीने 'सी दाब' म्हटलं म्हणून? दुसरी शक्यता खरी असेल तर वर्गातली मौल्यवान मिनिटं सरकारमान्य कॉपीत चालली आहेत, असंच म्हणावं लागेल. अशा वर्गांत विद्यार्थ्यांची नेहमीची कुरकुरही याच सुरातली असते: ज्याला येत नाही त्याने, ज्याला येत नाही त्याच्याकडून काय शिकायचं? उत्तर ठाऊक असलेले प्राध्यापक समोर उभे आहेत, ते सरळ सांगत का नाहीत?

मिशेल स्मिथ, विल्यम वूड, वेंडी अॅडम्स, कार्ल वीमन, जेनिफर नाइट, नॅन्सी गिल्ड आणि टिन टिन सू या सात जणांनी हा प्रश्न वर्गातच तपासायचं ठरवलं. त्यांचा लेख जानेवारी 2009 मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात आला. यातले वीमन जीवशास्त्राचे नव्हेत. 1995 साली याच बोल्डरमध्ये रुबिडियमच्या अणूंपासून बोस-आइन्स्टाइन संघनन (अतिथंड अणू एकजीव असल्यासारखे वागतात ती अवस्था) घडवून आणणारे आणि त्यासाठी 2001 चं नोबेल मिळवणारे ते भौतिकशास्त्रज्ञ. पुढे त्यांनी आपला बराच वेळ विज्ञान कसं शिकवावं या प्रश्नाला दिला. जेनेटिक्सच्या वर्गातली कुरकुर मोजायला सत्येंद्रनाथ बोस यांच्या संख्याशास्त्राला हात घातलेला माणूस यावा, हा योग गमतीचाच.

पेपर जड का जातो

प्रयोगाकडे जाण्याआधी हा विषय नेमका कुठे अडवतो ते पाहायला हवं, कारण चर्चा उपयोगी पडते की नाही हे त्या अडचणीच्या स्वरूपावरच ठरतं.

जेनेटिक्समध्ये माहिती तशी थोडी आणि पायऱ्या फार. मेंडेलचे नियम अर्ध्या पानात मावतात. पण एक साधं गणित सोडवताना विद्यार्थ्याला तीन पातळ्यांवर एकाच वेळी उभं राहावं लागतं: डोळ्यांना दिसणारं लक्षण, अक्षरांनी लिहिलेली जनुकं आणि पेशीत प्रत्यक्ष हलणारी गुणसूत्रं. बहुतेकांची गाडी मधल्या पातळीवर रुळते. मोठा ए, छोटा ए, पनेटची चौकट (आईवडिलांची अक्षरं कडेला लिहून संततीच्या जुळण्या मांडायचा तक्ता), 3:1, झालं. चौकट भरता येते, पण तिच्या कडेला लिहिलेली अक्षरं म्हणजे युग्मकं (शुक्राणू किंवा बीजांडं) आहेत आणि ती मायोसिसमधून, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनातून, आली आहेत, हे डोक्यात नसतं. म्हणून दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर आली की चौकट तोंडघशी पाडते.

याची सर्वांत बोलकी खूण म्हणजे एक चित्र. विद्यार्थ्याला सांगा: एका पेशीत गुणसूत्रांची एकच जोडी आहे, जीव एका जनुकासाठी विषमयुग्मी आहे (म्हणजे त्या जनुकाच्या त्याच्याकडच्या दोन प्रती वेगळ्या आहेत), डीएनएची प्रत निघून झाली आहे; मायोसिसच्या आरंभीचं चित्र काढ. बरेच जण इंग्रजी एक्ससारखं एक गुणसूत्र काढतात आणि एका दांडीवर मोठा ए, दुसऱ्या दांडीवर छोटा ए लिहितात. म्हणजे भगिनी क्रोमॅटिडवरच दोन वेगळी अॅलील, म्हणजे जनुकाची रूपं. पण भगिनी क्रोमॅटिड या एकाच धाग्याच्या दोन प्रती. त्यांच्यावर, क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल) झालेलं नसेल तर, अक्षर एकच हवं. बरोबर चित्रात दोन एक्स असतात: एकाच्या दोन्ही दांड्यांवर मोठा ए, दुसऱ्याच्या दोन्हींवर छोटा. हे चुकलेल्याला पहिल्या विभाजनात काय वेगळं होतं आणि दुसऱ्यात काय, याचा मेळ कधीच लागत नाही. दोन्हींची व्याख्या मात्र तो घडाघडा म्हणून दाखवतो. उत्तरपत्रिकेत ही चूक उघड दिसते, वर्गात मात्र झाकलेली राहते, कारण 'समजलं का?' या प्रश्नाला सगळे माना डोलावतात.

प्रयोगाची रचना

कॉपी आणि समज यांचा निवाडा करायला त्या सात जणांनी काढलेली युक्ती साधी होती. प्रत्येक प्रश्नाला एक जुळा प्रश्न तयार करायचा. वरचा वेष वेगळा, पण सोडवायला लागणारं तत्त्व तेच. सत्रभरात अशा 16 जोड्या वर्गात वापरल्या गेल्या. क्रम ठरलेला: पहिला प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. मग शेजाऱ्यांशी चर्चा आणि त्याच प्रश्नावर पुन्हा उत्तर. आणि लगेच जुळा प्रश्न, पुन्हा एकट्याने, न बोलता.

यातली कळीची अट अशी की जुळ्या प्रश्नाची उत्तरं जमा होईपर्यंत पहिल्याचं बरोबर उत्तर सांगायचं नाही. वर्गाने कोणत्या पर्यायाला किती मतं दिली याचा स्तंभालेखही दाखवायचा नाही. नेहमीच्या वर्गात तो आलेख पडद्यावर झळकतोच, आणि तिथेच घोटाळा होतो. 2010 सालच्या एका वेगळ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं, की पहिल्या फेरीचा आलेख दाखवला तर विद्यार्थी सर्वाधिक मतांच्या पर्यायाकडे वळण्याची शक्यता 30 टक्क्यांनी वाढते. उंच स्तंभ दिसला की मुलं तिकडे जाणार, त्यात नवल नाही. पण मग चर्चेने काय साधलं हे कळायला मार्ग उरत नाही.

दुसरी बाब गुणांची. क्लिकरवर उत्तर दिल्याबद्दल सहभागाचे गुण होते, ते बरोबर असो वा चूक. मुलांनी मन लावून सोडवावं म्हणून एवढंच सांगितलं होतं की परीक्षेत याच धाटणीचे प्रश्न येतील. हा बारकावा किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. मार्क जेम्स यांनी 2006 मध्ये खगोलशास्त्राच्या दोन वर्गांमधली संभाषणं ताडून पाहिली होती. जिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात, तिथे जोडीतला जास्त जाणणारा एकटाच बोलत राही आणि दुसरा त्याचं उत्तर दाबून मोकळा होई. जिथे चुकण्याची किंमत कमी, तिथे दोघंही बोलत. क्लिकरला मार्क जोडून 'शिस्त' आणायला जाणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. तसं केलं तर आपण ज्या कॉपीला भितो तीच आपल्या हाताने पोसतो.

एक जोडी जवळून

मूळच्या 16 जोड्या इथे देत नाही. त्याच धर्तीवर बेतलेली एक जोडी पुढे आहे. यंत्रणा तिच्यावरून नीट कळेल.

पहिला प्रश्न. सिस्टिक फायब्रोसिस हा अप्रभावी जनुकामुळे, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असतील तरच, होणारा आजार आहे. एक निरोगी पुरुष आणि एक निरोगी स्त्री लग्न करतात. दोघांनाही प्रत्येकी एक भाऊ आहे आणि त्या दोन्ही भावांना हा आजार आहे. चौघेही आईवडील निरोगी. या जोडप्याच्या पहिल्या मुलाला आजार होण्याची शक्यता किती? पर्याय: 1/16, 1/9, 1/6, 1/4, 4/9.

बरोबर उत्तर 1/9. भाऊ रुग्ण आणि आईवडील निरोगी, म्हणजे आईवडील दोघंही वाहक (एक प्रत सदोष, पण स्वतः निरोगी). त्यांच्या मुलांत एक शुद्ध निरोगी, दोन वाहक, एक रुग्ण असं चारांचं प्रमाण. पण हा पुरुष निरोगी आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. त्यामुळे चौथा, रुग्णाचा वाटा हिशेबातून बाद होतो. उरलेल्या तिघांत दोन वाहक, म्हणून 2/3. स्त्रीचंही तेच, 2/3. दोघं वाहक असतील तर मूल रुग्ण असण्याची शक्यता 1/4. तिन्हींचा गुणाकार 4/36, म्हणजे 1/9.

या प्रश्नातला एकही चुकीचा पर्याय भरतीचा नाही. 1/16 निवडणाऱ्याने रुग्णाचा वाटा काढलेला नाही; त्याने वाहक असण्याची शक्यता दोन्हीकडे 1/2 धरली. 1/4 वाल्याने दोघांना वाहक मानूनच टाकलं. 1/6 वाल्याने एका बाजूला 2/3 लावलं आणि दुसऱ्या बाजूला खात्रीचा वाहक धरला. 4/9 वाला सगळं बरोबर करत आला, पण शेवटचा 1/4 विसरला. चुकीचे पर्याय असे चुकीच्या विचाराला चिकटलेले असले, तरच चर्चेत काही घडू शकतं. एक जण 1/16 म्हणतो, दुसरी 1/4. दोघांपैकी कोणालाच उत्तर माहीत नाही. पण 'अर्धा कुठून आणलास?' एवढं विचारलं गेलं की पहिल्याला चार चौकोन मांडावे लागतात, आणि मांडल्यावर रुग्णाचा चौकोन दोघांच्याही नजरेला येतो. हा माणूस रुग्ण नाही हे तर प्रश्नातच दिलंय, असं कोणीतरी म्हणतं. तिथून 2/3 फार लांब नाही.

आता जुळा प्रश्न. उंदरांमध्ये काळा रंग तपकिरीवर प्रभावी आहे. दोन काळ्या उंदरांच्या पिल्लांत काही काळी, काही तपकिरी निघाली. त्यांतलं एक काळं पिल्लू मोठं झाल्यावर तपकिरी उंदराशी जुळवलं. पहिलं पिल्लू तपकिरी असण्याची शक्यता किती?

इथे माणूस नाही, रोग नाही, भाऊ नाही. आकडाही वेगळा: 2/3 गुणिले 1/2, म्हणजे 1/3. ज्याने आधी शेजारणीचं 1/9 नुसतं उचललं असेल, त्याच्या हाती इथे काहीच लागत नाही. तो 1/4 म्हणेल किंवा 1/2. ज्याला 'माहीत असलेली गोष्ट हिशेबातून वगळायची' हे उमगलंय तो सुटेल. जुळा प्रश्न बेतताना नेहमी होणारी चूक म्हणजे नावं बदलून आकडे तेच ठेवणं. मग उत्तर तेच येतं आणि मोजमाप फुकट जातं.

संलग्नतेवरही, म्हणजे एकाच गुणसूत्रावरची जनुकं सहसा एकत्र जाण्यावरही, अशी जोडी सहज बसते. दोन जनुकांत 20 सेंटिमॉर्गन अंतर आहे. पहिल्या प्रश्नात दोन्ही प्रभावी अॅलील एकाच गुणसूत्रावर ठेवायची, टेस्ट क्रॉस (दोन्ही लक्षणं अप्रभावी असलेल्या जोडीदाराशी संकर) करायचा आणि दोन्ही प्रभावी लक्षणं असलेली संतती किती टक्के ते विचारायचं: 40. जुळ्यात एक प्रभावी अॅलील इकडे, एक तिकडे. प्रश्न तोच: 10. इथे वर्गात 20 हे उत्तर मुबलक मिळतं. अंतर 20 म्हणजे नव्या जुळणीची संतती एकूण 20 टक्के, आणि ती दोन प्रकारांत निम्मी निम्मी वाटली जाते, हा शेवटचा भागाकार राहून जातो.

आकडे काय म्हणतात

बोल्डरच्या 16 जोड्यांची सरासरी अशी: पहिल्या प्रश्नाला एकट्याने 52 टक्के बरोबर, चर्चेनंतर 68 टक्के, जुळ्या प्रश्नाला एकट्याने 73 टक्के. जुळ्याचा आकडा चर्चेनंतरच्या आकड्याहून खाली घसरला नाही, उलट वर गेला. नुसतीच कॉपी झाली असती, तर साधा तर्क सांगतो की एकट्यावर वेळ येताच तो पुन्हा 52 च्या आसपास आला असता.

पण सरासरीपेक्षा आतली फोड अधिक सांगते. क्लिकर प्रत्येकाची ओळख धरून नोंद ठेवतो, त्यामुळे कोण कुठून कुठे गेलं हे दिसतं. शंभर विद्यार्थी कल्पून हिशेब मांडू. 52 जण सुरुवातीपासून बरोबर. त्यांतले 92 टक्के, म्हणजे 48 जण, चर्चेनंतरही ठाम राहिले आणि त्यांतल्या 90 टक्क्यांनी जुळाही सोडवला. चारेक जण चर्चेत बरोबरवरून चुकीकडे गेले. आत्मविश्वासाने चुकीचं बोलणारा शेजारी प्रत्येक वर्गात असतोच. उरलेले 48 आधी चुकले होते. त्यांतले 42 टक्के, म्हणजे 20 जण, चर्चेनंतर बरोबरवर आले. संशय होता तो याच 20 जणांवर. त्यांतल्या 77 टक्क्यांनी जुळा प्रश्न एकट्याने बरोबर सोडवला, म्हणजे सुमारे 15 जणांनी. पाच जणांबद्दल संशय घ्यायला जागा आहे, पंधरा जणांबद्दल नाही.

मला खरी अनपेक्षित वाटते ती शेवटची ओळ. 28 जण चर्चेआधी चूक आणि चर्चेनंतरही चूक. त्यांनी बरोबर उत्तर निवडलंच नव्हतं, प्राध्यापकांनी काही सांगितलं नव्हतं, आलेखही पाहिलेला नव्हता. तरी त्यांतले 44 टक्के जुळ्या प्रश्नात बरोबर ठरले. एकूण वर्गाने पहिल्या प्रश्नात कोऱ्या पाटीवर मिळवलेल्या 52 टक्क्यांच्या हे जवळपास आहे, आणि हे तर वर्गातले सर्वांत अडलेले विद्यार्थी. चर्चेत त्यांच्या डोक्यात काहीतरी सुटं झालं होतं, ते जुळवायला दुसरी संधी हवी होती, असा अर्थ लावता येतो. कठीण प्रश्नांत तर सुरुवातीला बरोबर असणारे इतके थोडे होते, की पुष्कळ गटांत जाणकार कोणीच नसणार. तरी जुळ्याचा आकडा वाढला. येत नसलेल्याने येत नसलेल्याकडून काय शिकायचं, या कुरकुरीला आकड्यांनी दिलेलं उत्तर हे.

विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या सांगण्यातही तेच येतं. बोलता बोलता गटाला वाट सापडते आणि नुसतं ऐकलेल्या उत्तरापेक्षा असं मिळालेलं उत्तर जास्त टिकतं, असं काहींनी पाहणीत लिहिलं होतं. कोणालाच माहीत नसतं तेव्हा सगळे पर्याय तपासून जे शक्यच नाहीत ते गाळावे लागतात, म्हणून तेव्हाची चर्चा फळते, असंही एकाचं म्हणणं.

मात्र या आकड्यांना ताणू नये. जुळा प्रश्न चर्चेनंतर लगेच विचारलेला आहे, महिन्याने नव्हे. बहुपर्यायी प्रश्नात काही उत्तरं नशिबाने लागतात, ती 44 टक्क्यांतही असणार. एकदा सोडवल्यावर तसंच दुसरं सोडवणं सरावानेही थोडं सोपं जातं. आणि 73 म्हणजे शंभरातले 27 अजून बाहेरच आहेत.

कुरकुर कितपत खरी

त्या 27 जणांच्या बाजूने पाहिलं की 'उत्तर सरळ सांगा' ही मागणी आळशी वाटत नाही. बोल्डरच्या गटाने तीही तपासली. 2011 मध्ये त्यांनी तीन प्रकार ताडून पाहिले: पहिल्या प्रश्नानंतर फक्त शेजाऱ्यांशी चर्चा, फक्त प्राध्यापकांचं स्पष्टीकरण, आणि चर्चा करून मग स्पष्टीकरण. प्रत्येकानंतर जुळा प्रश्न. एक वर्ग जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा, दुसरा इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या जेनेटिक्सचा. दोन्हीकडे तिसरा प्रकार सरस ठरला, आणि कच्च्या, मध्यम, पक्क्या अशा तिन्ही थरांतल्या विद्यार्थ्यांना त्याचाच सर्वाधिक फायदा झाला.

म्हणजे विद्यार्थी अर्धे बरोबर होते. स्पष्टीकरण हवंच. चूक होती ती त्याच्या वेळेबद्दल. आधी स्वतः अडकून, शेजाऱ्याशी भांडून झाल्यावर ऐकलेलं स्पष्टीकरण आणि कोऱ्या डोक्याने ऐकलेलं स्पष्टीकरण यांचं वजन वेगळं. 2009 चा लेख तेवढाच वाचून 'आता शिकवायची गरज नाही, मुलं आपापसांत शिकतात' असा सोयीचा अर्थ काढणारे प्राध्यापकही निघतात. त्यांच्या वर्गातली तक्रार मग खरीच असते.

आणखी एक अडचण वर्गाच्या मूल्यमापनात डोकावते. हार्वर्डच्या पायाभूत भौतिकशास्त्राच्या वर्गात लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवलं, की विद्यार्थ्यांना स्वतः झगडायला लावणाऱ्या तासात ते जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. सफाईदार व्याख्यानाचं नेमकं उलट. त्यामुळे सत्राच्या शेवटी प्राध्यापकांना मिळणाऱ्या शेऱ्यांमध्ये अवघड तास घेणारा मार खातो. यावर त्यांनी सुचवलेला उपाय स्वस्त आहे: सत्राच्या आरंभीच हे आकडे मुलांपुढे ठेवायचे आणि दमछाक म्हणजे शिकणं थांबल्याची खूण नाही, हे स्पष्ट सांगायचं.

प्राध्यापकांच्या एका वाक्यानेही चर्चेचा दर्जा बदलतो. बोल्डरच्याच जेनिफर नाइट आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये विकासात्मक जीवशास्त्राच्या वर्गातली गटसंभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. 'बोला आणि उत्तर द्या' म्हटलं की मुलं उत्तरावर येऊन थांबतात. 'तुमचं कारण काय ते नंतर विचारणार आहे' म्हटलं की कारणं बाहेर येऊ लागतात. खर्च शून्य, तरी हे वाक्य बहुतेक वर्गांत राहून जातं.

प्रश्न कुठून आणायचे, ही नव्याने सुरू करणाऱ्याची मोठी अडचण. बोल्डरच्या स्मिथ, वूड आणि नाइट यांनी 2008 मध्ये जेनेटिक्ससाठी 25 प्रश्नांची एक संकल्पना-चाचणी तयार केली होती. तिच्यात नऊ व्यापक उद्दिष्टं तपासली जातात, परिभाषा शक्य तितकी टाळलेली आहे आणि ती कोर्सच्या आधी व नंतर अशी दोनदा द्यायची असते. तीन संस्थांतल्या 600 हून अधिक विद्यार्थ्यांवर ती पारखून घेतली. तिच्यापासून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे पद्धत: आधी विद्यार्थ्यांना मोकळं उत्तर लिहायला किंवा बोलायला लावायचं, त्यांच्या चुका त्यांच्याच शब्दांत टिपायच्या आणि त्यांतून चुकीचे पर्याय घडवायचे. प्राध्यापकाने टेबलाशी बसून कल्पिलेला चुकीचा पर्याय बहुधा कोणी निवडतच नाही. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा या कामी सोन्यासारखा आहे.

क्लिकर नसलेल्या वर्गात

आपल्याकडच्या एसवाय-टीवायच्या वर्गात क्लिकर क्वचितच असतात. हात वर करायला लावलं तर मुलं आधी पुढच्या बाकाकडे पाहतात, मग हात उचलतात. ए-बी-सी-डी लिहिलेली रंगीत कार्डं छातीशी धरायला लावणं त्याहून बरं. शेजाऱ्याला दिसत नाही, समोरून दिसतं. वर्गाचा कल कळतो, पण कोण चुकीवरून बरोबरकडे गेलं हे कळत नाही, आणि या प्रकरणाचा सगळा जीव त्याच नोंदीत आहे.

ती नोंद कागदावर मिळवता येते. हातभर लांबीच्या चिठ्ठीवर तीन रकाने आखून प्रती काढायच्या: चर्चेआधी, चर्चेनंतर, जुळा प्रश्न. रोल नंबर ऐच्छिक ठेवला तर मुलं घाबरत नाहीत. लिहायचं पेनानेच, खाडाखोड नाही. चर्चा सुरू होण्याआधी पहिला रकाना आत दुमडायचा. वेळ साधारण अशी धरावी: एकट्याने दोन मिनिटं, चर्चा तीन ते चार, जुळा प्रश्न दोन, आणि मग स्पष्टीकरण चार-पाच मिनिटं. म्हणजे एका जोडीला अकरा ते तेरा मिनिटं. बाकीचं शिकवणं धरून 48 मिनिटांच्या तासात एकच जोडी नीट बसते. दोन कोंबल्या तर स्पष्टीकरणाला कात्री लागते आणि 2011 च्या निष्कर्षाप्रमाणे तेच वाचवायला हवं. एकेका तासाला एक प्रकरण उडवण्याची सवय असलेल्याला हा वेग जड जाईल. मेंडेल भराभर उरकून तो वेळ मायोसिस, वंशवेल आणि संलग्नता या तीन ठिकाणी घालवला तर पोर्शन मागे पडत नाही.

तास संपल्यावर चिठ्ठ्यांचे चार ढीग करायचे: बरोबर-बरोबर, चूक-बरोबर, चूक-चूक, बरोबर-चूक. प्रत्येक ढिगात तिसरा रकाना किती जणांचा बरोबर आहे ते मोजायचं. शंभर चिठ्ठ्यांना फारसा वेळ लागत नाही. दुसऱ्या ढिगात जुळा सोडवणारे निम्म्याहून कमी निघाले, तर चर्चेत उत्तरांची देवाणघेवाण झाली आणि कारणं मागेच राहिली असं समजावं. पुढच्या वेळी कारण विचारण्याचं वाक्य घालावं. चौथा ढीग नेहमीपेक्षा फुगला, तर प्रश्नाची भाषाच संदिग्ध आहे का ते आधी तपासावं. आणि तिन्ही रकाने चुकलेल्यांच्या चिठ्ठ्या बाजूला काढून त्यांनी जुळ्यात कोणता पर्याय निवडला ते पाहावं. उंदरांच्या प्रश्नात त्यांतले बहुतेक 1/2 वर असतील, तर त्यांनी काळ्या पिल्लाला सरळ वाहक धरलेलं आहे. 1/4 वर असतील, तर वगळण्याची पायरी अजून आलेली नाही. पुढचा तास कशाने सुरू करायचा ते यावरून ठरतं.